मामाचं नाटक पेनड्राइव्हवरून कसं उठवलं

मामाचा फोन आला तेव्हा मी पणजीत ऑफिसात होतो आणि हॅलो बिलो काही नाही, थेट "लॅपटॉप मेलो रे". मला वाटलं चार्जर गेला असेल. पण नाही, आदल्या रात्री मामा टाइप करत बसलेला, गडगडाट चालू, बॅटरी तर दोन वर्षांपूर्वीच मेलेली त्यामुळे लॅपटॉप थेट प्लगवर, आणि लाईट गेली. नंतर चालू केला तर खिडकीचं चित्र येतं, रिपेअर करतोय म्हणतो, परत बंद, परत चालू, परत तेच. असं सकाळपर्यंत चाललेलं. मामाने तो तसाच चालू ठेवला होता, कारण "तो आपणच बरो जाता काय कितें".

मामाचं घर केरीला. सत्तरी तालुक्यातलं केरी हां, पेडण्यातलं नव्हे आणि फोंड्यातलंही नव्हे, गोव्यात केरी तीन आहेत आणि प्रत्येक वेळी हे सांगावं लागतं. चोर्ला घाटाचा रस्ता चढायच्या आधी, अंजुणे धरणाच्या बाजूला. पावसाळ्यात तिथे लाईट गेली ह्याला कोणी बातमी म्हणत नाही.

आता लॅपटॉप गेला तर गेला, २०११ सालचा आहे, त्याचं दुःख कोणाला नाही. पण त्यात नाटक होतं. मामा शाळेत मराठी शिकवायचा, रिटायर झाल्यावर देवळाच्या उत्सवासाठी तीन अंकी पौराणिक नाटक स्वतः लिहिलं, आणि दोन बोटांनी दोन महिने टाइप केलं. तालमी दुसऱ्या आठवड्यात सुरू व्हायच्या होत्या. हाताने लिहिलेली वही आहे पण ती पहिल्या दीड अंकाची, पुढचं सगळं थेट मशीनवर. मी विचारलं दुसरीकडे कॉपी ठेवलीय का, तर एकदम अभिमानाने म्हणाला, आसा मरे, डी ड्राइव्हात आसा.

डी ड्राइव्ह. त्याच डिस्कचा दुसरा तुकडा. म्हणजे घरातली चावी हरवली तर दुसरी चावी कुठे, तर घरातच कपाटात.

तोपर्यंत मामा जवळच्या शहरातल्या एका दुकानात जाऊन आलेला आणि तिथे त्याला सांगितलं की फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही. दुकानदाराला मी दोष देणार नाही, रोज दहा लॅपटॉप येतात, त्याला तेच सोपं. पण फॉरमॅट हा शब्द ऐकून मामाने लॅपटॉप उचलला आणि घरी आला, हे त्याने आयुष्यात केलेलं सगळ्यात शहाणं काम. मी म्हटलं आता त्याला हातच लावू नको, चालूसुद्धा करू नको, शनिवारी येतो.

हे सगळं लिहायचं कारण असं की पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम) बूट करणं, म्हणजे मशीन तिच्यावरून चालू करणं, म्हटलं की लोकांना वाटतं हा विंडोज काढून लिनक्स टाकायचा प्रकार. मामालाही तेच वाटलं, फोन ठेवता ठेवता म्हणाला, तुजें तें लिनक्स म्हज्या लॅपटॉपांत घालूं नाका हां. अरे घालायचंच नाहीये! तीच तर गंमत. पेनड्राइव्हवरचं लिनक्स पाहुण्यासारखं येतं, तुमचा स्क्रीन, कीबोर्ड, रॅम वापरतं, हार्ड डिस्कला आपण सांगितल्याशिवाय शिवतसुद्धा नाही, आणि बंद केलं की उठून जातं, मागे काही ठेवत नाही. मी फर्मागुडीला इंजिनिअरिंगला असताना उबुंटू नावाच्या लिनक्सच्या फुकट सीडी पोस्टाने घरी यायच्या, ती योजना २०११ मध्ये बंद झाली, त्या सीडीवरून पहिल्यांदा हे बघितलेलं. कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये सीडी घातली आणि हार्ड डिस्क काढलेल्या मशीनवर डेस्कटॉप उघडला, आणि सर मागे उभे. त्याच्याही आधी, २००० साली, क्लाउस क्नॉपर नावाच्या जर्मन माणसाने क्नॉपिक्स काढलेलं, सीडीवरून चालणाऱ्या लिनक्सची लाट तिथून खरी आली. आता सीडी गेली, पेनड्राइव्ह आला, आतली युक्ती तीच.

शुक्रवारी रात्री पेनड्राइव्ह बनवला. केरीला मामाच्या घरात मोबाइलची रेंज फक्त व्हरांड्यात, तीही खांबाला टेकून उभं राहिलं तर, त्यामुळे तीन जीबीच्या आसपासची फाइल तिथे उतरवायचा प्रश्नच नव्हता. लिनक्स मिंटची एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची, आवृत्ती घेतली कारण मामाच्या लॅपटॉपात रॅम ४ जीबी, भारी डेस्कटॉप ओढणार नाही. फाइल उतरली की तिचा एसएचए२५६, म्हणजे फाइलचा ठसा, तपासायचा, ६४ अक्षरांचा तो आकडा साइटवर दिलेला असतो तो आणि आपला जुळायला हवा. मी पूर्वी हे करत नसे. मग एकदा अर्धवट उतरलेल्या फाइलवरून बूट करत तीन तास घालवले आणि मशीनलाच शिव्या देत बसलो, तेव्हापासून करतो.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती गोष्ट. आयएसओ, म्हणजे उतरवलेली ती आख्ख्या सिस्टीमची फाइल, पेनड्राइव्हवर नुसती कॉपी पेस्ट करून चालत नाही. लोक करतात, फाइल दिसते, खूश होतात, आणि मशीन म्हणतं बूट करायला काही सापडत नाही. कारण मशीन चालू होताच सगळ्यात आधी जागा होतो तो बायोस, आणि जुन्या बायोसला फाइल बिइल कळत नाही, तो फक्त पेनड्राइव्हचे अगदी पहिले ५१२ बाइट वाचतो. त्यातले ४४६ बाइट म्हणजे छोटासा प्रोग्राम, ६४ बाइट पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या तुकड्यांचा, तक्ता, आणि शेवटचे २ बाइट ५५ आणि एए ही सही. सही बरोबर असेल तर तो प्रोग्राम चालवतो, तो पुढच्याला उठवतो, पुढचा कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, उठवतो. म्हणजे मुंडकार (कूळ) भाटकाराला (जमीनदाराला) उठवतो तसं, साखळीतला पहिला माणूस दारात हवा. नवीन मशीनमध्ये बायोसच्या जागी आलेलं यूईएफआय थोडं शिकलेलं आहे, त्याला फॅट पार्टिशन वाचता येतं आणि ते ईएफआय नावाच्या फोल्डरात बूट फोल्डर, त्यात बूटएक्स६४ नावाची फाइल शोधतं. लिनक्सच्या आयएसओमध्ये ह्या दोन्ही सोयी आधीच भरून दिलेल्या असतात, पण ती आख्खीच्या आख्खी, पहिल्या बाइटपासून, पेनड्राइव्हवर छापावी लागते. फोल्डरात ठेवलेली आयएसओ म्हणजे पेटीत ठेवलेलं कुलूप.

छापायला विंडोजवर रूफस, कुठल्याही मशीनवर बलेना एचर, आणि लिनक्सवर असाल तर डीडी कमांड. डीडीची कमांड इथे मुद्दाम देत नाही कारण कोणीतरी ती कॉपी करणार आणि एसडीबीच्या (बहुधा पेनड्राइव्ह) जागी एसडीए (बहुधा हार्ड डिस्क) राहून गेलं की आपलीच हार्ड डिस्क साफ, डीडी एका शब्दाने विचारत नाही. आधी एलएसबीएलके ही डिस्कांची यादी दाखवणारी कमांड मारून साइज बघा, १६ जीबीवालं कोण ते ओळखा, मगच. मी एकदा ह्याच नादात चवथीचे फोटो असलेल्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर डेबियन (अजून एक लिनक्स) छापलेलं, दोन्ही १६ जीबीचे, दोन्ही काळे. बायको अजून त्या वर्षीची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची सजावट) कशी होती ते मला तोंडी वर्णन करायला लावते.

अजून एक, डीडी झालं म्हणतो तेव्हा झालेलं असतंच असं नाही. लिनक्स लिहायचा डेटा आधी रॅममध्ये घेतं आणि मागाहून हळूहळू पेनड्राइव्हवर उतरवतं, म्हणून सिंक मारायचं आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबायचं. हे मला पाठ आहे. हे मला पूर्ण पाठ आहे आणि तरीही पुढे काय झालं ते वाचा.

शनिवारी साखळीवरून केरीला पोचलो. मामीने दारातच "पयलीं च्या घे" म्हटलं, च्या घेतला, मग बसलो.

पेनड्राइव्ह लावला, चालू केला, एफ१२ दाबलं. काही नाही. एफ९. काही नाही. ही जी बूट मेनूची की आहे ती प्रत्येक कंपनीची वेगळी, कोणाची एफ१२, कोणाची एफ९, कोणाची एस्केप, आणि दाबायला वेळ असतो जेमतेम दोन सेकंद, त्यामुळे पॉवर बटण दाबल्यापासून टकटकटक दाबत राहायचं, धरून ठेवायची नाही. शेवटी एस्केपने मेनू आला आणि त्यात पेनड्राइव्हच नाही! मी घामाघूम, मामा बाजूला खुर्ची घेऊन. मग लक्षात आलं, निळ्या पोर्टात लावलाय. त्या काळच्या काही लॅपटॉपांत यूएसबी ३ ची चिप वेगळी बसवलेली असायची आणि बायोसला ती दिसत नसे, विंडोज चालू झाल्यावर ड्रायव्हर आला की मगच ते पोर्ट जिवंत. दुसऱ्या बाजूच्या काळ्या पोर्टात लावला आणि लगेच नाव आलं.

नवीन लॅपटॉप असेल तर भानगडी वेगळ्या. विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे खरं शटडाउन नसतं, अर्धी झोप असते, त्यामुळे विंडोज चालत असेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, तिथेच यूएसबीवरून बूट करायचा पर्याय मिळतो. सिक्युअर बूटला (फक्त सही केलेलंच चालू होऊ देणारी सोय) लोक उगाच घाबरतात, उबुंटू किंवा मिंटचा बूटलोडर सही केलेला असतो, बऱ्याचदा काही बंद करावं लागत नाही. पण डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कुलपाने, बंद असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागणार, ती नसेल तर पेनड्राइव्हवरून आत गेलात तरी कपाट उघडणार नाही. ती की आजच कुठेतरी कागदावर लिहून ठेवा, हे मी पाया पडून सांगतोय.

मामाच्या लॅपटॉपाला ह्यातलं काही नव्हतं. मिंटचा डेस्कटॉप उघडला, यूएसबी २ मुळे दोनेक मिनिटं लागली. मामा एकदम उभाच राहिला. "काडलें मरे तुवें विंडोज!" त्याला समजावायला लागलं की बाबा, हे सगळं ह्या काडीवर आहे, आख्खी सिस्टीम दाबून एका फाइलीत भरलेली, ती फाइल फक्त वाचायची, आणि आपण जे काही बदलतो ते रॅममध्ये एका पातळ थरावर लिहिलं जातं. केळीच्या पानावर जेवल्यासारखं, जेवण झालं की पान उचललं, खाली जमीन तशीच. हे मामाला पटलं. मला वाटतं त्याला फक्त केळीचं पान पटलं.

फाइल मॅनेजरमध्ये डिस्क दिसली. इथे एक काळजी घेतली, नुसतं डबल क्लिक न करता ती रीड ओन्ली माउंट केली, म्हणजे फक्त वाचायला उघडली, कारण डिस्क आजारी आहे का ते माहीत नव्हतं आणि आजारी डिस्कवर लिहिणं म्हणजे तापात पोहायला पाठवणं. फोल्डर उघडला, नाटकाची फाइल तिथेच. मामाने हात जोडले. डबल क्लिक केलं, लिब्रेऑफिस (वर्डसारखा फुकटचा प्रोग्राम) उघडलं, आणि स्क्रीनभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर, काहीतरी भलतंच. ब्याण्णव पानं.

मामाचा चेहरा मी विसरणार नाही. त्याला वाटलं फाइल सडली.

फाइल सडलेली नव्हती. मामा टाइप करतो तो युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा आकडा देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या जमान्यातला फॉन्ट. युनिकोडात देवनागरीला ०९०० ते ०९७एफ अशी स्वतःची जागा आहे, पण त्या जुन्या फॉन्टात क च्या चित्राला इंग्रजी अक्षराच्या खुर्चीत बसवलेलं असतं. फॉन्ट असेल तोपर्यंत मराठी दिसतं, फॉन्ट नसला की खुर्च्या उघड्या पडतात. आणि मिंटमध्ये तो फॉन्ट कुठून असणार. पण विंडोज बूट होत नसली तरी तिचा फोल्डर तर समोर होता! विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून ती फाइल उचलली, होम फोल्डरात डॉट फॉन्ट्स नावाचा फोल्डर करून त्यात टाकली, लिब्रेऑफिस बंद करून परत उघडलं, आणि नारदाचा प्रवेश. मामाने पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. मग दुसरं. मग तो वाचतच सुटला, स्वयंपाकघरातून मामी म्हणाली आतां तालीम करूं नाकात, जेवपाक वेळ जालो.

मी पीडीएफ काढली, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आतच भरला जातो, मग कुठेही उघडा. डेस्कटॉपवर सेव्ह केली. कॉपी करायला दुसरा पेनड्राइव्ह लागणार होता, तो मी घरी विसरलेलो. मामीने गाडीतला भजनांचा पेनड्राइव्ह आणून दिला. फाइल त्यात टाकली, पट्टी भरली, झालं म्हणाला, मी म्हटलं चला जेवूया.

आणि लाईट गेली.

बॅटरी मेलेली. स्क्रीन काळा. मी दोन सेकंद शांत होतो कारण फाइल कॉपी झालीय ना. मग आठवलं, इजेक्ट केलेलं नाही. सिंक. तेच ते, रात्री स्वतः स्वतःला बजावलेलं. दीड तासाने लाईट आली (तोपर्यंत सुंगटाची कढी आणि भरपूर मौन), परत बूट केलं, भजनांच्या पेनड्राइव्हवर नाटकाचं नाव होतं आणि साइज शून्य. डेस्कटॉपवरची पीडीएफ तर केळीच्या पानाबरोबर गेलेलीच, आणि फॉन्टही. सगळं परत पहिल्यापासून. पण हार्ड डिस्कवर मी काहीच लिहीत नव्हतो म्हणून तिला त्या झटक्यात आणखी इजा व्हायचं कारण नव्हतं, मूळ फाइल होती तिथेच होती. ह्या वेळी दहा मिनिटांत केलं, थेट पेनड्राइव्हवर सेव्ह, इजेक्ट, आणि "आता काढू शकता" येईपर्यंत श्वास धरून.

मग बाकीचं, लग्नाचे फोटो, शाळेच्या प्रश्नपत्रिका, गेल्या वर्षीच्या नाटकाचा व्हिडिओ. व्हिडिओ ५ जीबीच्या वर आणि भजनांचा पेनड्राइव्ह फॅट३२, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, जागा कितीही रिकामी असो. स्प्लिट कमांडने दोन तुकडे केले, घरी येऊन कॅटने जोडले. सगळं निघाल्यावरच डिस्क्स नावाच्या अ‍ॅपमध्ये हार्ड डिस्कची तब्येत बघितली. क्रम लक्षात ठेवा, आधी कॉपी, मग तपासणी. खराब सेक्टर होते, डिस्क जायच्या वाटेवरच होती, लाईट जाण्याने फक्त निमित्त दिलं.

आता काहीजण विचारतात की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मशीन ११ ला चालत नाही, मग पेनड्राइव्हवरच कायम लिनक्स चालवू का. माझं मत, नको. पर्सिस्टन्स म्हणून सोय असते, बदल पेनड्राइव्हवरच साठवून ठेवायची, प्रवासात चार दिवस ठीक आहे, पण साधा पेनड्राइव्ह बारीक बारीक लिहिण्यात फार मंद असतो, तापतो आणि एक दिवस न सांगता जातो. कायमचं हवं तर एसएसडीवर (नव्या प्रकारच्या वेगवान डिस्कवर) टाका. पण टाकायच्या आधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का ते बघा, फुकट आहे. वायफाय नाही लागलं तर घाबरू नका, काही चिपांना ड्रायव्हर वेगळा लागतो, तोवर मोबाइल केबलने जोडून टेदरिंग करा. आणि वेगवेगळी लिनक्सं बघायची असतील तर व्हेंटॉय एकदा पेनड्राइव्हवर बसवा, मग मात्र आयएसओ नुसत्या कॉपी करून चालतात, वर मी जे नाही म्हटलं ते तिथे होतं, मेनूत यादी येते, हवं ते निवडा. मी आता तोच ठेवतो, गाडीच्या चावीला अडकवून.

मामाच्या लॅपटॉपात नवीन एसएसडी घातली. लिनक्स टाकूया म्हटलं, मनापासून म्हटलं, पण त्याचा टायपिंगचा प्रोग्राम विंडोजवरचाच आणि बोटांना सवय टाइपरायटरच्या कीबोर्डची, इनस्क्रिप्टवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ठरीव मराठी कीबोर्डवर, त्याने एक ओळ टाइप केली आणि चष्मा काढून ठेवला. मग परत विंडोज, नेट जोडायचं नाही ह्या अटीवर. ती अट तो पाळत नाही असा मला संशय आहे.

तालमी चालू झाल्या. नाटकाची कॉपी आता तीन ठिकाणी आहे, माझ्याकडे एक, भजनांच्या पेनड्राइव्हवर एक, आणि एक मामाने स्वतः नवीन पेनड्राइव्ह विकत आणून त्यावर ठेवलीय. तो त्याने कुठे ठेवलाय तर तांदळाच्या डब्यात, पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून. मामी म्हणते रोज भाताचं माप घेताना तो आधी हाताला लागतो, आणि ती रोज तो परत आत खोल पुरून ठेवते.